हळदीच्या दोन वाट्या

भावाच्या गुडघ्याला मी चित्रकलेचा रंग लावला आणि ओसरीच्या भिंतीला गुडघ्याचा लेप. व्हायला हवं होतं उलटं.

दोन्ही पिवळे होते, दोन्ही सारख्याच स्टीलच्या वाट्यांत होते आणि दोन्ही मीच केले होते, रविवारच्या दुपारी सौसरच्या आमच्या घरात दोन पुस्तकं पुढ्यात उघडून. एक पुस्तक रंगकाम शिकवणारं. त्यात घरच्या घरी रंग तयार करायचा धडा होता: बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवा, त्यात हळद घोटा, झाला पिवळा रंग. दुसरं पुस्तक घरगुती उपचारांचं. त्यात गुडघेदुखीवर हळद, सुंठ आणि कोमट तिळाचं तेल. सुंठेच्या वासावरून कोणीही ओळखलं असतं की कोणती वाटी कशाची. पण मला सर्दी झाली होती आणि सर्दीवर त्याच पुस्तकातला उपाय म्हणून मी दोन्ही नाकपुड्यांत तूप सोडून बसलो होतो.

मोठा भाऊ ओसरीतल्या दिवाणावर आडवा झाला होता. सारा जन्म त्याने संत्र्याच्या बागेत उकिडवं बसून झाडांना आळी करण्यात आणि शिडीवर चढून फळं उतरवण्यात घालवला, त्याचे गुडघे आता हिशेब मागतात. लेप बोटांनी चोळा असं पुस्तकात होतं. पण माझ्या हातात नवा चपटा ब्रश होता आणि नवा ब्रश हातात असला की माणसाला बोटं आठवत नाहीत. मी गुडघ्यावर एका दिशेने, सरळ सरळ हात फिरवले, धड्यात सांगितले होते तसे.

"थंड वाटून राहिलं बे," भाऊ म्हणाला. "तुह्या पुस्तकात काईतरी हाय म्हणायचं."

माझ्या पुस्तकांची त्याने केलेली ही पहिली स्तुती. तो पायजमा खाली ओढून झोपला. उठला तेव्हा पायजमा उठेना. डिंक वाळून कापड, कातडी आणि केस यांचा एकच कागद झाला होता. गुडघा वाकवायला गेला तर वाकेना.

"दुखणं गेलं," तो छताकडे पाहत म्हणाला, "पण गुडघाही गेला."

वहिनीने गरम पाण्याचं फडकं धरून तो पायजमा सोडवला. सोबत बरेच केस गेले. त्या वेळी भावाने मला उद्देशून जे म्हटलं ते मी लिहीत नाही, कारण ते आमच्या दोघांच्याही आईबापांना लागू होतं.

त्या गडबडीत भिंतीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या वाटीतून मी ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर, पहिला सराव म्हणून, एक गोल सूर्य काढला होता. ताटलीएवढा. संध्याकाळपर्यंत तो परातीएवढा झाला. रंग वाळतो, तेल पसरतं. एवढं कळायला पुस्तक लागत नाही, असं माझी बायको म्हणाली.

आता ही पुस्तकं आली कुठून ते सांगतो. माझी नोकरी पांढुर्ण्याला, घर सौसरला. रोजचं अपडाउन. बस स्टँडवर गाडीची वाट पाहण्यात माझ्या आयुष्याचा जो भाग गेला, तेवढ्यात दुसऱ्याने डॉक्टरी केली असती. तिथे एका ठेल्यावर 'हे शिका, ते शिका' छापाची पुस्तकं मिळतात, थोडी मराठी, जास्त हिंदी. जामसांवळीला देवळाबाहेर नारळ-प्रसादाच्या दुकानांमध्येही एक जण पथारी मांडून बसतो. त्याच्याकडे आरत्यांच्या खाली आजीबाईच्या बटव्याची पुस्तकं असतात. लोक हनुमानापाशी दुखणं घेऊन येतात, मी दर्शन घेतो आणि येताना दुखण्याचं पुस्तक घेऊन येतो. जलरंग, पेन्सिलची छटा, झाडं कशी काढावी, ओव्याचे उपयोग, कडुलिंबाचे उपयोग. सगळं एकाच कपाटात. बायको त्या कपाटाला दवाखाना म्हणते.

"तुमच्या दवाखान्यात एकही रोगी वाचला नाई," ती म्हणते. "ना कुत्रा वाचला."

कुत्रा म्हणजे मी काढलेला. त्याला सगळे बकरी समजले होते.

भिंतीवरचा तो सूर्य एक वेळ चालला असता, पण भावाच्या मुलीचं साक्षगंध ठरलं होतं, म्हणजे साखरपुडा. मुलाकडचे लोधीखेड्याहून येणार, याच ओसरीत बसणार, आणि ओसरीच्या बरोबर मधोमध परातीएवढा तेलकट पिवळा डाग. मी दुसऱ्या दिवशी डिस्टेंपरचा हात मारला. सकाळी डाग परत हजर. पुन्हा मारला. पुन्हा हजर, आता जरा तपकिरी, जणू रागावल्यासारखा. मग मी उपचारांचं पुस्तक उघडलं. तेलकट चेहऱ्यावर मुलतानी माती लावावी, ती तेल ओढून घेते, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. चेहऱ्याचं तेल ओढते तर भिंतीचं का नाही? मी बादलीत माती कालवली, गुलाबपाणी तेवढं टाळलं आणि भिंतीला थापली.

शेजारीण दारातून बायकोला विचारती झाली, "काय करून राहिले व भाऊजी?"

"भिंतीले फेसप्याक लावून राहिले," बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "पाहुणे येणार हाय ना. भिंत गोरी दिसाले पायजे."

माती वाळली, मी खरवडली. डाग होताच. त्याच्याभोवती मातीचं एक वर्तुळही आलं. भिंतीला डोळा फुटल्यासारखं दिसू लागलं.

त्या संध्याकाळी भाऊ बागेतून आला, चप्पल न काढता भिंतीपुढे उभा राहिला आणि बराच वेळ त्या डोळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पुताईवाल्याले बोलावतो. प्लास्टर खोदून नवं लावू. आन ते कपाट खाली कर."

"कपाटानं काय केलं?"

"समदं त्यानंच केलं. पुस्तक पाहून कोणी पोहाले शिकते का? पुस्तक पाहून कोणी वैद झाला का? शिकायचं तर पाहून शिकाव लागते, माणसाच्या हाताखाली."

आता मी घरातला ऐकून घेणारा माणूस आहे. ऑफिसात ऐकतो, बसमध्ये कंडक्टरचं ऐकतो, घरी तर विचारूच नका. पण त्या वाक्यावर माझं डोकं फिरलं. माणसाच्या हाताखाली शिकायचं म्हणे. कोणाच्या?

मी शाळेत होतो तेव्हा सौसरच्या बाजारात एक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ट्रकच्या मागे कमळ, मोर, डोंगरातून उगवणारा सूर्य. मी शाळा सुटली की त्याच्या मागे जाऊन उभा राहायचो. मी डावीकडे सरकलो की तो डावा खांदा आडवा करायचा, उजवीकडे गेलो की उजवा. हात दिसू द्यायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "पाहून काय करतं? पाट्या रंगवशीन? मंग मी काय करू?" त्याचंही खरंच होतं, पोट होतं त्याला. पण माझं चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर मी दोन खांदे तेवढे नीट पाहिले आहेत.

आणि माझी मावशी. बोरगावची. गालफुगीवर तिचा लेप असा की आजूबाजूच्या गावांतून लोक पोरांना घेऊन यायचे. पण पाला कोणता ते ती कोणाला सांगायची नाही. दाराला कडी घालून वाटायची, पानांचा चोथासुद्धा चुलीत टाकायची. विचारलं की एकच उत्तर, "सांगितलं का गुण जाते, बाबू." असाच नेम होता तेव्हा, सगळेच औषध देणारे तो पाळायचे. मावशी गेली. गुण राहिला असेल कुठेतरी, पाला मात्र तिच्यासोबत गेला. तिची स्वतःची नात गाल सुजवून बसली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. बरी झाली, दवाखान्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याचा पाला ती वाटायची ते अंगणातलं झाड कोणतं, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून माझं या स्वस्त पुस्तकांवर प्रेम आहे. छपाई खराब, शाई बोटाला लागते, चित्रातला पिवळा हिरव्यावर सांडलेला. पण ती खांदा आडवा करत नाहीत. दाराला कडी घालत नाहीत. तू कोण, कोणाचा, हातात गुण आहे का, काही विचारत नाहीत. इतकं घ्या, तितकं घाला, असं हलवा. चुकलं तर वाचणाऱ्याचं नाक तुपाने बंद होतं, पुस्तकाचा दोष नाही.

हे सगळं मी भावाला म्हणालो का? नाही. मला बोलता येत असतं तर मी नगरपालिकेची निवडणूक लढवली असती. मी एवढंच म्हणालो, "प्लास्टर खोदायचं नाई. डागावर मी झाड काढतो. संत्र्याचं."

भाऊ हसला. मग हसू पुसून म्हणाला, "काढ. पण पोरीचं काम हाय, आपलं हासं नाई झालं पायजे. पाहुणे हासले तर त्याच दिवशी कपाट रद्दीत. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. तोंड माझं, पण ते माझ्या आधी चालतं.

भिंत सोड्याच्या पाण्याने घासली, तेल निघेल तेवढं काढलं. डागावर टिकेल असा ऑइल पेंट हार्डवेअरच्या दुकानातून आणला. इथे हळद चालणार नाही, एवढं मी आता शिकलो होतो. आणि ऑफिसातून आलो की झाड. पुस्तकात झाडाचा धडा होता, पण तो भलत्याच कुठल्यातरी टोकदार झाडाचा, थंड मुलुखातल्या. संत्र्याचं झाड तसं नसतं. ते बसकं, गच्च, खाली टेकलेल्या फांद्यांचं, भरल्या घरातल्या बाईसारखं. मी धड्यातून फक्त रीत घेतली: आधी सावलीचा गडद हिरवा, मग मधला, मग उन्हाचा. झाड आमच्या बागेतलं घेतलं.

पुतणी, जिचं साक्षगंध होतं ती, संध्याकाळी शिडी धरायला येऊ लागली.

"काका, हे पान हाय का पोपट?"

"पान."

"मंग त्याले डोळा काऊन हाय?"

"तो थेंब पडला."

"राहू द्या. पोपटच चांगला दिसते."

असा आमच्या झाडावर एक पोपट बसला. बायको जाता-येता पाहायची, बोलायची नाही. तिचं न बोलणं मला कधीच शुभ वाटलेलं नाही. डागाच्या जागी मी सगळ्यात मोठ्या फांदीची फळं आणली, कारण तिथे पिवळं तसंही खालून डोकावत होतं. वरची फळं जमली. बरी गोल आली, एका बाजूला उजेड, खाली सावली. डागावरची फळं मात्र हट्टी निघाली. तेलावर रंग ओघळायचा, मी आकार सांभाळायला बाहेरून रेघ वाढवायचो, फळ फुगायचं. पुसायला गेलो की आणखी फुगायचं.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी भाऊ नवी चादर घेऊन आला. "हे भिंतीवर लावू. पाहुण्याले सांगू का सजावट हाय."

"चादर नाई लागणार," मी म्हणालो.

"हासतीन."

"हासू दे. कबूल केलं ना मी. मंग झाकून काय उपयोग?"

तो चादर काखेत धरून उभा राहिला. पुतणी आतून म्हणाली, "बाबा, मी झाडाखालीच बसणार हाय. चादर लावाल तर मलेही झाका." मग ती चादर दिवाणावर गेली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, मामा आणि आत्या. आत्याबाई म्हणजे डोळ्यांवर जाड चष्मा आणि जिभेवर लगाम नाही, पण मनाने मोकळी बाई. आलूपोहे आले, चहा आला. मुलाच्या वडिलांनी संत्र्याच्या आंबिया बहराची चौकशी केली, भावाने कपाशीची. भिंतीकडे सगळ्यांनी सभ्यपणे एकेकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी कोपऱ्यात खुर्चीच्या टोकावर बसलो होतो. मला वाटलं, निभावलं.

मग आत्याबाईंनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "काय जी, हा कोहळ्याचा वेल झाडावर कसा काय चढवला तुमी?"

कोहळा म्हणजे आमच्याकडे तांबडा भोपळा. आधी मामा हसले. मग मुलगा हसला, त्याने रुमाल तोंडावर धरला पण खांदे हलत होते. मग सगळेच. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. पुतणीही हसली, तिचा मला राग नाही, ती पहिल्या दिवसापासून हसत होती. भाऊ तेवढा हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग आतल्या खोलीकडे, कपाटाच्या दिशेने.

मी उठलो. बायकोला वाटलं मी बाहेर जातो, तिने डोळ्यांनी खूण केली की बसा. मी आत गेलो आणि झाडांच्या धड्याचं पुस्तक घेऊन आलो. आत्याबाईंच्या पुढ्यात उघडून ठेवलं.

"कोहळे नाई, संत्रेच हाय," मी म्हणालो. "पण तुमची चूक नाई. वरचे पाहा, ते या धड्यानुसार काढले. खालचे माह्या मनानं काढले. खाली तेलाचा डाग होता, तोही माहाच. भावाच्या गुडघ्याचा लेप मी भिंतीले लावला."

"आन गुडघ्याले काय लावलं?" आत्याबाईंनी विचारलं.

मी तेही सांगितलं. पायजम्यासकट. आता हसणं थांबेचना. मुलाची आई डोळे पुसू लागली. भाऊ माझ्याकडे असा पाहत होता जणू लग्न मोडलंच. लग्न मोडलं नाही. आत्याबाईंनी पुस्तक चाळलं, कुठे मिळतं विचारलं, मी ठेला सांगितला. उपचारांच्या पुस्तकाचंही विचारलं, मी तेही आणून दाखवलं. साखरपुडा झाला, कुंकू लागलं. निघताना त्या पुतणीला म्हणाल्या, "तुह्या काकाले लग्नात सैपाकघरात नको येऊ देऊ, बाई."

गाडी गेली. भाऊ आत गेला आणि सुतळीचं बंडल घेऊन आला.

"चाल. कपाट उघड."

"नाई."

"कबूल केलं होतं तू. हासले का नाई?"

"हासले. पोटभर हासले. आन मी कबूल केलं ते मूर्खपणा केला, तोही माहाच. पुस्तकं नाई देत."

"शब्दाचा माणूस नाईस मंग तू."

"नसन. तू नवी बाग लावली, पहिल्या बहाराले फळ निंबाएवढं आलं आन आंबट जहर. मंडीत लोक हासले होते का नाई? दलालानं तोंड वाकडं केलं होतं. मंग झाडं तोडली तू?"

त्याने सुतळीचं बंडल या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाला, "झाडाची गोठ येगळी. झाडाले टाइम द्याव लागते."

"मलेही दे."

"पन्नाशीत लावलेल्या झाडाले फळ कवा येईन बे?"

"येईन तवा येईन. नाई येईन तरी सावली होईन. पण कपाटाले सुतळी लागणार नाई. लावायची असन तर आधी माह्या अंगाले लाव."

मी एवढं लांब वाक्य भावापुढे कधी बोललो नव्हतो. आवाज थोडा फाटला, हे मान्य करतो. कपाटाच्या खोलीचं दार अडवताना मी दोन्ही हात चौकटीला लावले होते आणि चौकटीच्या एका बाजूचा रंग ओला होता, तोही मीच सकाळी लावलेला, त्यामुळे माझा उजवा पंजा तिथे अजून उमटलेला आहे. पण मी हललो नाही.

भावाने त्या पंजाकडे पाहिलं. "पाहतो," तो म्हणाला. "तुलेही पाहतो आन तुह्या कोहळ्यालेही." सुतळीचं बंडल दिवाणावर टाकून, गुडघ्यावर हात ठेवत, तो त्याच्या खोलीत गेला. ते बंडल परत न्यायला तो आला नाही.

बायको कपबशा गोळा करत होती. ट्रे तसाच हातात धरून ती भिंतीपुढे थांबली. आम्ही दोघं उभे. आता ही काहीतरी बोलणार म्हणून मी मनाची तयारी केली. तिने वरपासून खालपर्यंत झाड पाहिलं, पोपट पाहिला, खालची फळं जरा वाकून पाहिली.

"खालचे कोहळेच हाय," ती म्हणाली. "आत्याबाईचं काई चुकलं नाई."

मी पंजाला लागलेला रंग फडक्याला पुसत राहिलो.

"उद्या तुमाले सुट्टी हाय ना? लग्नाले वेळ हाय अजून, नीट करा ते. शिडी मी धरीन. आन मोठ्या भाऊजीच्या लेपाची वाटी मी करीन, तिले तुमी हात नका लावू."